बाहेरचे तीन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

१ जानेवारी २०१८. सोमवार होता. धामणगावच्या रेल्वे स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण उभे होतो. एकाच्या मोबाईलवर इंदूरच्या सामन्याचा धावफलक उघडलेला आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. वसीम जाफरने चौकार मारला आणि विदर्भाने रणजी करंडक जिंकला. टपरीवाल्याने त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. एवढा आनंद आमच्या गावात क्रिकेटसाठी क्वचितच झाला असेल, कारण तसे निमित्तच विदर्भाच्या संघाने आम्हाला कधी दिले नव्हते.

त्या घोळक्यात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा होता. मॅटिंगवर नव्या चेंडूने तो भल्याभल्यांची तारांबळ उडवायचा. निवड चाचणीसाठी दोनदा पहाटेच्या गाडीने नागपूरला जाऊन आला होता. पुढे काही झाले नाही. चहाचा कप ठेवत तो मला म्हणाला, ''चाचा, जिंकले ते बेस झालं. पन बाहेरचे तीन आनले म्हंजे आपले तीन पोट्टे घरीच बसले ना जी?''

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. हरणारा संघ बाहेरची माणसे आणून उभा करता येतो का? आणि येत असेल, तर तो विजय नेमका कोणाचा? विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. सरळ देत नाही, वळणे घेत देतो.

मंडळी, आपल्या भागाचे नाव क्रिकेटच्या धावफलकावर फार जुने आहे. १९३० च्या दशकात रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हाच्या संघाचे नाव होते 'मध्य प्रांत व वऱ्हाड'. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. राजकारणाने सगळे एकत्र केले, क्रिकेटने मात्र केले नाही. १९५७-५८ च्या मोसमापासून 'विदर्भ' या नावाने संघ खेळू लागला. म्हणून आजही एका महाराष्ट्रात तीन रणजी संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातल्या मुंबईने चाळीसहून अधिक वेळा करंडक नेला. विदर्भाच्या वाट्याला साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना आला नाही.

या साठ वर्षांत आपल्याकडे गुण नव्हते असे कोण म्हणेल? भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. १८९५ साली तिथेच जन्मले. पण त्यांचे नाव जोडले गेले ते इंदूरशी. होळकर संस्थानाने त्यांना बोलावले, फौजेत हुद्दा दिला आणि होळकर संघाचे कर्णधारपद दिले. नव्वदच्या दशकात नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य भारताकडून एकदिवसीय सामने खेळला. कसोटीत विदर्भाचा खेळाडू दिसायला मात्र २०११ साल उजाडावे लागले. तो उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा.

२००२-०३ पासून रणजीचे संघ दोन पातळ्यांत वाटले गेले. वरचा 'एलिट' आणि खालचा 'प्लेट'. विदर्भाची त्यानंतरची बरीच वर्षे खालच्या ताटात जेवण्यातच गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विदर्भाचा निकाल शोधायचा तर चष्मा लावून खालच्या कोपऱ्यात पाहावे लागे. हरण्याचीही एक सवय होते. मग खेळाडू सामना वाचवायला उतरतो, जिंकायला उतरत नाही. अशा घरात सुधारणा कुठून सुरू करायची?

जगाने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले आहे : अदलाबदल. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत तर तो रोजचा व्यवहार आहे. तिथल्या फुटबॉलमधला डॅलस काउबॉईज हा संघ १९८९ साली सोळापैकी पंधरा सामने हरला. त्याच मोसमात संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बदल्यात अनेक खेळाडू घेतले आणि पुढच्या वर्षांत नवोदित निवडण्याचे हक्कही घेतले. लोकांना तो वेडेपणा वाटला. पण त्या हक्कांतून जी तरुण मुले आली त्यांच्या जोरावर डॅलसने १९९३, १९९४ आणि १९९६ साली अजिंक्यपद जिंकले. आपल्याकडे आयपीएलमुळे 'ट्रेड' हा शब्द घरोघरी पोचला. २००९ च्या मोसमाआधी दिल्लीने शिखर धवन मुंबईला दिला आणि मुंबईने आशिष नेहरा दिल्लीला दिला. बाजारात कापसाचे भाव ठरावेत तशी ही देवघेव.

रणजीत असा खुला बाजार नाही. इथे संघ खेळाडू विकत नाही आणि बदलूनही देत नाही. खेळाडूने स्वतःच्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि दुसऱ्या राज्याकडून मानधनावर खेळायचे. त्याला 'प्रोफेशनल' किंवा पाहुणा खेळाडू म्हणतात. एका संघाला असे तीनच पाहुणे घेता येतात. त्या मुलाच्या तोंडचे 'बाहेरचे तीन' या नियमातून आलेले होते.

नियम नवा असेल, रीत जुनी आहे. तिचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच, इंदूरला घडले. महाराजा यशवंतराव होळकरांनी ठिकठिकाणचे गुणी खेळाडू पदरी ठेवले. इंदूरचाच मुश्ताक अली होता, जोडीला नायडू होते, चंदू सरवटे होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीनिमित्त जवळच महूला होता, तर १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तोही होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. तो सामना मुंबईनेच जिंकला, ही गोष्ट वेगळी. पण पुढच्या आठ मोसमांत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. मग संस्थान गेले, आश्रय गेला आणि तो संघही इतिहासात जमा झाला. पाहुण्यांवर उभ्या राहिलेल्या घराची ही एक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अलीकडच्या काळात वाट दाखवली ती राजस्थानने. २०१० साली तो संघ प्लेट गटात होता. त्यांनी पुण्याचा हृषीकेश कानिटकर आणि दिल्लीचा आकाश चोप्रा हे पाहुणे आणले. कानिटकर पुढे कर्णधार झाला. त्या मोसमात दीपक चहर या अठरा वर्षांच्या पोराने हैदराबादला २१ धावांत गुंडाळले आणि राजस्थानने खालच्या गटातून येऊन थेट करंडक नेला. पुढच्या वर्षी पुन्हा नेला. पाहुणे फलंदाजी सांभाळतात आणि घरची पोरे निर्धास्तपणे गोलंदाजी करतात, हे गणित तिथे सुटले.

विदर्भाने ते गणित नीट वाचले असावे. २०१४-१५ मध्ये तामिळनाडूचा बद्रीनाथ आणि कर्नाटकचा गणेश सतीश नागपूरला आले. पुढच्या मोसमात वसीम जाफर आला. मुंबईच्या बसचालकाचा हा मुलगा मुंबईकडून आठ वेळा रणजी विजेता झाला होता आणि भारताकडून कसोटी खेळला होता. वय सदतिशीचे. अनेकांना वाटले, म्हातारपणी पेन्शन घ्यायला आला आहे. नंतर अंबाती रायुडू आला आणि गेला. मग रेल्वेकडून खेळलेला फिरकीपटू कर्ण शर्मा आला. आणि २०१७ साली सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आला, जो मैदानात उतरणारच नव्हता. तो म्हणजे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

पंडितांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ चा करंडक जिंकला होता. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांचे पद गेले. ज्याला मुंबईने सोडले त्याला विदर्भाने घेतले. शिस्तीसाठी हा माणूस प्रसिद्ध. त्याने हरण्याच्या सवयीवरच हात घातला.

पण नुसत्या पाहुण्यांनी हे झाले, असे मानणे चूक होईल. त्याच्या आधीची काही वर्षे नागपुरात अकादमीचे काम चालू होते. भारताचे माजी वेगवान गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी तरुण पोरांची गोलंदाजी घडवत होते. प्रशांत वैद्य संघटनेत क्रिकेटची बाजू बघत होता. कर्णधार फैज फजल नागपूरचाच. २००३ साली तो विदर्भाकडून पहिला सामना खेळला, तेव्हापासून पराभवांचा साक्षीदार. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला रजनीश गुरबानी, डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे, ऑफस्पिनर अक्षय वखरे ही सारी इथलीच पिके. जमीन नांगरून तयार होती. बाहेरून बियाणे म्हणा की पाणी म्हणा, ते वेळेवर मिळाले.

डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला उपांत्य सामना झाला. समोर बलाढ्य कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला आणि कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. जुना विदर्भ असता तर सामना तिथेच संपला असता. दुसऱ्या डावात गणेश सतीशने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ८१ धावा काढल्या आणि विदर्भाने ३१३ पर्यंत मजल मारली. कर्नाटकाला १९८ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांचा डाव १९२ वर आटोपला. पाच धावांनी विजय. गुरबानीने त्या डावात ६८ धावांत सात बळी घेतले.

अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नियतीचा खेळ बघा. नागपूरच्या नायडूंना ज्या गावाने आपले केले, त्याच गावात, त्याच होळकरांच्या नावाच्या मैदानावर विदर्भ पहिल्यांदा अंतिम सामना खेळायला उतरला. दिल्लीकडे गंभीर होता, ऋषभ पंत होता. ध्रुव शोरी नावाच्या तरुणाने १४५ धावा केल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गुरबानीने हॅटट्रिकसह सहा बळी घेतले आणि दिल्ली २९५ वर थांबली. मग विदर्भाने ५४७ धावा उभारल्या. जाफरने ७८ केल्या, पण शतक काढले ते यष्टिरक्षक अक्षय वाडकरने, १३३. सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ जोडल्या. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला, २९ धावांचे लक्ष्य उरले आणि नऊ गडी राखून करंडक आपला झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत बाहेरचे होते दोनच, जाफर आणि सतीश. नऊ घरचे. दिल्लीचे गडी बाद केले ते घरच्याच गोलंदाजांनी. मोसमात ९१२ धावा काढल्या त्या फैज फजलने आणि ३९ बळी मिळवले ते गुरबानीने. उमेश यादव भारतीय संघाबरोबर परदेशी गेला, तर त्याच्या जागी बाहेरून कोणी आणला नाही. अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या पोराला उभे केले. पहिलाच सामना, तोही रणजीचा अंतिम सामना.

मग पाहुण्यांनी काय केले? जाफर ड्रेसिंग रूममध्ये बसला तरी पोरांना जिंकण्याची ओळख होत असणार. आठ वेळा करंडक उचललेला माणूस शेजारी पॅड बांधत असेल तर तो करंडक फार लांबचा वाटत नाही. आदल्या मोसमात तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, तरी विदर्भाने त्याचे पैसे दिले, आणि म्हणून २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून आले होते. व्यवहार म्हणून सुरू झालेले नाते कुठे जाऊन पोचले, ते यावरून कळावे.

पुढच्या मोसमात त्याने चाळिसाव्या वर्षी १०३७ धावा केल्या. त्याआधी मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकात २८६ धावांची खेळी केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला १ आणि ० वर बाद केले. पाठोपाठ इराणी करंडकही पुन्हा आपल्याकडेच राहिला आणि त्या विजयाची बक्षिसाची रक्कम पुलवामा हल्ल्यातल्या शहिदांच्या कुटुंबांसाठी संघाने देऊन टाकली.

मग पाहुणे गेले. पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२१-२२ मध्ये त्यांनाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. जाफर मार्च २०२० मध्ये निवृत्त झाला. रणजीत त्याच्या नावावर १२,०३८ धावा आहेत. त्यांतल्या शेवटच्या हजारो आपल्या खात्यातल्या. होळकर संघासारखे आता विदर्भाचेही होणार, अशी भीती अनेकांना वाटली. खरी परीक्षा तीच होती.

२०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवले, पण ५३८ धावांचा पाठलाग करताना वाडकरने शतक ठोकले आणि संघ ३६८ पर्यंत भिडला. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवून हिशेब चुकता केला. २ मार्च २०२५ रोजी जामठ्यालाच केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाचा झाला. कर्णधार वाडकर होता. प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाचेच जुने खेळाडू. या वेळी बाहेरून कोणी गुरुजी आणावा लागला नाही.

त्या सामन्याचा धावफलक मी जपून ठेवला आहे. विदर्भाकडून नागपूरच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. विदर्भाचा सलामीवीर होता ध्रुव शोरी, तोच दिल्लीकर, ज्याने इंदूरला आपल्याविरुद्ध १४५ धावा केल्या होत्या. आणि समोर केरळकडून सर्वाधिक चिवटपणे खेळलेल्यांपैकी एक होता आपला आदित्य सरवटे. तो त्या वर्षी केरळचा पाहुणा होता. त्याने ७९ धावा काढल्या. इंदूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून त्याने नेमक्या तेवढ्याच काढल्या होत्या. गुरबानीही त्या मोसमात महाराष्ट्राच्या संघात गेला होता.

याचा अर्थ काय? ज्या विदर्भाला बाहेरून माणसे मागवावी लागत होती, त्याची माणसे आता बाहेरचे लोक मागू लागले. केरळने आपल्या इतिहासातला पहिला अंतिम सामना गाठला त्यात एका नागपूरकराचा घाम होता. आपण घेतलेले उसने कुणाला तरी परत केले. देवघेव पूर्ण झाली ती अशी.

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. रूळ आले, कापसाचा बाजार भरला आणि राजस्थान-गुजरातकडून, कुठून कुठून माणसे आली. कुणाचे आजोबा जिनात आले, कुणाचे स्टेशनात. आज त्यातला बाहेरचा कोण, हे ठरवायला बसलो तर गाव रिकामे होईल. मी स्वतः मराठीत कविता लिहितो. माझे नाव वाचून आजही कोणी प्रेमाने म्हणते, ''तुमचे मराठी छान आहे हो.'' कौतुक खरे असते, पण ते पाहुण्याचे असते. म्हणून जाफरला नागपूरच्या प्रेक्षकांनी 'आपला' म्हटले, तेव्हा मला बरे वाटले. त्याने ते धावा काढून, खांदा देऊन मिळवले होते.

तरीही त्या मुलाचा प्रश्न पुरता खोटा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पाहुणा आला की घरच्या एकाची जागा जातेच. ज्याची जाते त्याला करंडक दाखवून समजूत घालता येत नाही. फक्त एवढे करता येते की त्याच्या मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवायचे. ते काही प्रमाणात झाले आहे. अकोल्याच्या अथर्व तायडेने ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात १४३ धावा केल्या आणि विदर्भ जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला. वर्ध्याचा दर्शन नळकांडे २०२५ च्या विजेत्या संघात होता. ही सगळी गावे आमच्याच रेल्वेमार्गाच्या आसपासची. पण धामणगावसारख्या तालुक्याच्या गावात पोरे अजून मॅटिंगवर खेळतात आणि टर्फची खेळपट्टी पाहायला गाडी पकडतात. तिथपर्यंत हा विजय अजून पोचायचा आहे.

तो मुलगा आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. रविवारी सकाळी मैदानावर लहान पोरांना चेंडू टाकायला शिकवतो. मागच्या वर्षी त्याने पुलगावकडचा एक पोरगा आपल्या संघात घेतला. मी गमतीने विचारले, ''का रे, आता बाहेरचा चालतो?''

''चालते ना, चाचा,'' तो म्हणाला. ''पन पोट्ट्यांले शिकवून गेला पायजे.''